अर्धलीची हिरवी खुर्ची

बालाजी, तू गेलास ते गेलास, पण दुसरी सीडी तुझ्याकडंच राहिली.

पहिलंच वाक्य असं लिहिलं म्हणून लोक मला नावं ठेवतील. ठेवू देत. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल इतकं गोडगोड ऐकलंय की कान किटले. तुझ्या खत-बियाणांच्या दुकानावर फ्लेक्स लागला. त्यावरचा फोटो असा की, तू असतास तर स्वतः शिडी लावून उतरवला असतास. दहाव्याला एकेक जण माइक घेऊन उठला आणि तू शांत होतास, मनमिळाऊ होतास, कुणाशी कधी वाकडं बोलला नाहीस, असं सांगून खाली बसला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ तर डोळे पुसत म्हणाले, "असा माणूस व्हणं न्हाई. भांडण म्हणून ठाऊक न्हवतं बगा त्याला." मला वाटलं, उठावं आणि तो माइक हिसकावून घ्यावा. भांडण ठाऊक नव्हतं? मग वीस-पंचवीस वर्षं माझ्याशी कोण भांडत होतं? तुझं भूत?

मी उठलो नाही. हातातला चहा गार होईपर्यंत धरून बसलो. लोकांना वाटलं, मित्र फार खचलाय. खचलो होतो हे खरंच, पण त्याहून जास्त चिडलो होतो. आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर.

छातीत कळ आली, डावा हात जड पडला, सदरा घामानं भिजला, आणि आमचे कृषी पदवीधर काय करतात, तर समोरच्या गाड्यावरून लिंबू-सोडा मागवतात! दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलंस म्हणे, "रातच्या वांग्यानं गॅस केलाय, दुसरं काय न्हाई." त्या वांग्यानं तुझं काय घोडं मारलं होतं? कपाशीच्या पानावर एक ठिपका दिसला तर शेतकऱ्याला दम भरायचास, "आजच बगा, उद्या म्हणू नका." दुसऱ्याच्या कपाशीसाठी एवढी घाई आणि स्वतःच्या छातीला सोडा. परभणीचा दवाखाना किती लांब होता रे? मला एक फोन केला असतास तर मी शाळेतला तास सोडून आलो असतो. पण नाही. तू आणखी एक सोडा मागवलास. यावर 'असो' म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

मला सीडीबद्दल बोलायचंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सगळं पोरखेळ वाटेल, म्हणून मुळापासून सांगतो. तुलाही सांगतो, कारण तू ही गोष्ट दरवेळी आपल्या सोयीनं फिरवून सांगायचास आणि मी तुला पूर्ण बोलू द्यायचो नाही.

कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात आपल्या समोरच्या खोलीत तो ईशान्येकडचा मुलगा राहायचा. हसरा, गिटार वाजवणारा, आपल्या मेसच्या भाजीनं कायम बेजार. त्याच्या खोलीतून जे संगीत यायचं ते आपण त्याआधी बापजन्मी ऐकलं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा लहान गावातल्या चार पोरांनी कुणा बड्या कंपनीच्या नादी न लागता आपल्याच गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेला तो रॉक अल्बम. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नाव नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून आपण त्याला 'हिरवी खुर्ची' म्हणायला लागलो. वाळलेल्या गवतात एक हिरवी, एका बाजूला कललेली रिकामी खुर्ची. तू म्हणायचास, "ही आपल्याच शिवारात ठिवल्यागत दिसायलीय." दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रम वाजवणाऱ्याच्या हातून काठी पडते आणि कुणीतरी फिसकन् हसतं. त्या हसण्यावर तू दरवेळी हसायचास, अगदी दरवेळी. गाणं नाही समजलं तरी हसू समजतं, हे तुझं वाक्य.

तो मुलगा शिकून परत निघाला तेव्हा स्टेशनवर आपण दोघं त्याचं सामान घेऊन गेलो होतो. गाडी हलताना त्यानं खिशातून ती कॅसेट काढली आणि हिंदीत म्हणाला, दोघांपैकी एकानं ठेवा. अरे, भल्या माणसा, एकानं कशी ठेवणार? मी म्हणालो माझी, तू म्हणालास तुझी. प्लॅटफॉर्मवरच जुंपली. बाकावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "लेकरांनो, वाटून खा." तिला वाटलं, खायचं काहीतरी आहे.

मग तू तुझी ती अक्कल लढवलीस. तुझं घर शेरडा-मेंढरांचं. तुमच्याकडं शेळी अर्धलीनं द्यायची रीत. ज्याची शेळी आहे पण राखायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याच्या दावणीला देतो. सांभाळणाऱ्यानं चारापाणी बघायचं, पिल्लं झाली की निम्मी निम्मी, आणि तुमच्या घरचा नेम असा की पहिलं पिल्लू सांभाळणाऱ्याचं. तू म्हणालास, "उत्त्या, आपुनबी अर्धलीनं ठिवू. टेप माझ्याकडं, डबी तुझ्याकडं. मालक तू, सांभाळणारा मी. कुणी एकट्यानं पळवायचं न्हाई." मला तेव्हा मालक या शब्दाचा मोह पडला. घरी येऊन बघतो तर मालकाच्या हातात रिकामी डबी!

पण खरं सांगू? त्या वाटणीनंच आपल्याला बांधून ठेवलं. तू ताडकळसला दुकान घातलंस, मी परभणीत मास्तर झालो. आपल्या बॅचची पांगापांग झाली. आपण मात्र भेटत राहिलो, कारण डबीला टेप हवी होती आणि टेपला डबी. तुझ्या घरी आलो की तू आधी टेप डबीत ठेवायचास, खटकन् बंद करायचास, पुन्हा उघडायचास आणि मगच लावायचास. "मायलेकराची भेट तर व्हऊ दे," म्हणायचास. पुढं आपण आणखी किती कॅसेटी आणि सीड्या अशाच घेतल्या. माझ्या कपाटात नुसती कव्हरं, तुझ्या कपाटात नुसता माल. माझी मुक्ता लहान असताना विचारायची, "पप्पा, आपल्या सगळ्या डब्या रिकाम्या का?" मी सांगायचो, गाणी चरायला गेलीत.

त्याच मुक्तानं घोटाळा केला. पुण्याला शिकायला गेलेली पोर, बापाच्या वाढदिवसाला काय पाठवावं? 'हिरवी खुर्ची'ची डिलक्स आवृत्ती! तिला बिचारीला वाटलं, बापाच्या कपाटात जन्मात एक तरी डबी भरलेली असावी. जाड पुठ्ठ्याचं खोकं, दोन सीड्या आणि फोटोंची जाड पुस्तिका. पहिल्या सीडीवर जुनाच अल्बम, पण धुऊन-पुसून नव्यानं केलेला. दुसरीवर त्या वेळी टाकून दिलेली गाणी, सराव, अर्धवट राहिलेलं काहीबाही. ही दुसरी सीडी फक्त या खोक्यातच मिळते. मी तुला हौसेनं फोन केला. केला नसता तर बरं झालं असतं.

"निम्मं माझं," तू म्हणालास.

"तुझं कसं? मुलीनं मला पाठवलंय."

"उत्तमराव, मूळ जनावर कुणाच्या दावणीला हाय? माझ्या. हे त्याचं पिल्लू. पहिलं पिल्लू कुणाचं?"

आठ महिने आपण यावर भांडलो, बालाजी. बाजारात भांडलो, एसटी स्टँडवर भांडलो, तुझ्या पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत भांडलो. वाढणारा जिलेबी घेऊन उभा, आणि तू त्याला न्याय करायला सांगतोस! शेवटी एका सीडीवर तोड झाली. खोकं, पुस्तिका आणि पहिली सीडी माझ्याकडं, दुसरी तुझ्याकडं. मीही ती ऐकली नव्हती. मुद्दामच नव्हती ऐकली. पहिलीनंच माझं डोकं फिरवलं होतं.

काय करून ठेवलंय त्यांनी! कव्हरवरच्या खुर्चीला असा हिरवा रंग फासलाय की पोळ्याच्या बैलाची शिंगं बरी. गवतही हिरवं. कलती खुर्ची सरळ केलीय. आणि दुसऱ्या गाण्याआधीची काठी पडत नाही. हसू गायब. साफ पुसून टाकलेलं. मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. जिथं कुणीतरी हसायचं तिथं आता नुसती स्वच्छ शांतता. मी तुला फोनवर म्हणालो, हा दरोडा आहे. चार पोरांनी गॅरेजात केलेल्या गोष्टीला इस्त्री करून, खोक्यात घालून विकायची, आणि वर त्यांनी केरात टाकलेलंही दुसऱ्या सीडीवर विकायचं! कलावंतानं टाकून दिलेलं बाहेर काढायचा अधिकार यांना कुणी दिला? माणसाचा मान म्हणून काही असतो की नाही?

तू उलटं बोललास. तुला ती आवृत्ती आवडली होती. "उत्त्या, टाकलेलं समदं केर नस्तं. तू डबीवाला मानूस. तुला वरचं दिसायलंय." हे मला फार झोंबलं. मग दोनच दिवसांनी तुझा फोन आला. "दुसरी सीडी ऐकायलोय. शेवटचं गाणं तू ऐक, मंग माझ्याशी बोल." मी विचारलं, काय आहे त्यात? तू म्हणालास, "सांगत न्हाई. बाजाराच्या दिशी ये." त्या बाजाराला माझी शाळेची तपासणी होती. पुढच्या बाजाराच्या आधी तू सोडा प्यायलास.

आता मला सांग, माणसानं असं जावं का? वादाच्या ऐन मोक्याला? "ऐक, मंग बोल" म्हणायचं आणि बोलायला शिल्लकच राहायचं नाही?

चौदावं झालं, घरातली पाहुण्यांची वर्दळ संपली, तसा मी ताडकळसला गेलो. खोटं कशाला बोलू, सीडी आणायलाच गेलो. मला कळलं होतं की तुझा मेव्हणा घर आवरायलाय. तुझं कपाट उघडून तो म्हणाला होता म्हणे, "ह्या टेपी भंगारवाल्याला द्यायच्या, न्हाईतर बुजगावण्याला बांधायच्या. सीड्या चमकतेत, पाखरं येत न्हाईत." हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एसटीत उभ्यानं गेलो. तुझी दुसरी सीडी कुठल्यातरी हरभऱ्यात काठीला लटकून फिरतेय, असं वाटेभर दिसत होतं.

मीरावहिनी गोठ्यात होत्या. शेरडं बाहेर काढून झाडायल्या होत्या. मला बघून पदर नीट केला, पाणी दिलं. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "वहिनी, बालाजीकडं माझी एक सीडी राहिलीय. तेवढी द्या."

"हिरव्या खुर्चीची का?"

मी चाट पडलो. इतक्या वर्षांत वहिनी आपल्या गाण्यांपाशी कधी बसल्या नव्हत्या. चहा ठेवायच्या आणि जायच्या. आपणही कधी बसा म्हटलं नव्हतं.

"हो. तीच."

"ती न्हाई मिळायची, भावजी."

"का? मेव्हण्यांनी..."

"त्याची काय टाप हाय? कपाटाची किल्ली माझ्यापाशी हाय." खराटा त्यांनी भिंतीला टेकवला. "पर सीडी न्हाई द्यायची. अर्धलीची हाय ती."

मी म्हणालो, "अर्धल बालाजीशी होती वहिनी. तो गेला."

यावर त्या अशा चिडल्या म्हणून सांगू. तुझं मौन बघितलं, तुझा हट्ट बघितला, पण वहिनींचा राग मी पहिल्यांदाच बघितला.

"ते गेले. मी हाय न्हवं? सांभाळणारा मेला म्हणून त्याच्या दावणीचं जनावर कुणी सोडून नेतं का? ह्या आळीत कुणालाबी इचारा. घरातलं दुसरं मानूस सांभाळतं. तुमी लय शिकलेले, तुमाला येवढं ठाऊक न्हाई? तेराव्याला समदे आले, कुणी म्हनलं, वहिनी, शेरडं इका. कुणी म्हनलं, दुकान इका. आता तुमी आलाव सीडी न्यायला. माझ्यापाशी काय ठिवायचंच न्हाई का?"

मी शाळेत पोरं उभी राहतात तसा उभा.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग गोठ्याच्या फळीवरचा तुझा तो जुना प्लेअर दाखवला, ज्याचं झाकण तू रबरानं बांधलं होतंस. सीडी त्यातच होती. "ह्यांनी शेवटी हितंच लावली व्हती. सकाळी धारा काडताना. आता मी लावते. घर लय गप पडलंय, भावजी. मला एक शब्द कळत न्हाई. पर शेवटचं गाणं मला येतं."

आणि त्यांनी ते लावलं.

बालाजी, तू म्हणाला होतास त्याप्रमाणे मी ऐकलं. चौघं एक गाणं सुरू करतात. बरं चाललेलं असतं. एका जागी येतात आणि ढेपाळतात. थांबतात, पुटपुटतात, पुन्हा सुरू करतात. पुन्हा तिथंच ढेपाळतात. शेरडं दाराबाहेर बें बें करत होती. वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता चुकनार बगा." आणि ते चुकले. काठी पडली. मग वहिनींनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, "आता हसनार."

तेच हसू. पुसून टाकलं म्हणून मी ज्याच्यासाठी तुझ्यावर ओरडलो होतो तेच. फिसकन् नव्हे, पुरतं, पोटभर, चौघांचं मिळून. आपल्या जुन्या टेपवर त्याचं नुसतं टोक होतं. बाकीचं त्यांनी केरात टाकलं होतं आणि कुणीतरी ते इतक्या वर्षांनी उचलून इथं ठेवलं होतं.

"हे रोज हसायचे हितं," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, उत्त्याला ऐकवलं की तो मान खाली घालनार."

मी मान खाली घातली. गोठ्यात, लेंड्यांच्या ढिगापाशी उभा राहून मी ढसाढसा रडलो. दहाव्याला, चौदाव्याला रडलो नव्हतो. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्या तिकडं तोंड करून झाडायला लागल्या. वाद तू जिंकलास. पण हे जिंकणं झालं का? समोरच्याला बोलायची संधी न देता? माझ्याकडं अजून मुद्दे होते, बालाजी. खुर्चीच्या रंगाबद्दल मी अजूनही बरोबरच आहे. तो रंग भयंकर आहे. हे तुला ऐकून घ्यावं लागलं असतं.

निघताना मी धीर करून विचारलं, "मग वहिनी, मी ऐकू कधी?"

"बाजाराच्या दिशी या. पैल्यासारकं. खोकं घिऊन या. त्यात पुस्तक हाय म्हनले व्हते हे. ती चार पोरं दिसतेत कशी, लिवलंय काय, ते मला वाचून दावा. ह्यांनी कधी दावलं न्हाई."

"आणतो," मी म्हणालो.

"अन् आनकी एक. पैलं पिल्लू सांभाळनाऱ्याचं, खरं का खोटं?"

मी सावध झालो. "नेम तसा आहे."

"मंग खोकंबी आमचंच हाय. मालक मी. पर राहू द्या तुमच्यापाशी." त्या थांबल्या. तू जसा थांबायचास, डाव टाकायच्या आधी, तशाच. "अर्धलीनं. नीट सांभाळा."

म्हणजे बघ. मुक्तानं दिलेलं, माझ्या नावानं आलेलं, माझ्या कपाटातलं खोकं तुझ्या बायकोनं मला भर गोठ्यात अर्धलीनं दिलं, आणि मी "बरं" म्हणून आलो. एसटीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मग पार परभणीपर्यंत मी एकटाच धुसफुसत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं दादा?" काय सांगणार होतो? म्हणालो, वाटणीचा तंटा आहे. ती म्हणाली, "मिटंल की." मी म्हणालो, मिटू नये.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. सोड्याचा तर जन्मभर जाणार नाही. तुझ्या घरानं मला दोनदा फसवलं, एकदा मालक करून आणि एकदा मालकी काढून घेऊन, हे मी विसरणार नाही. पण पुढचा बाजार परवा आहे. खोकं पिशवीत घातलंय, त्याच्या शेजारी जुनी रिकामी डबीही घातलीय. आधी टेप डबीत ठेवायची, खटकन् बंद करायची, पुन्हा उघडायची आणि मगच लावायची, हे वहिनींना कुणीतरी शिकवायला हवं.